आठ पौंडांचं खोटं

मित्रांनो, माझा चेहरा गोल आहे. त्यावर शून्यापासून शंभरापर्यंत आकडे आहेत आणि पोटात दाट ग्लिसरीन भरलेलं आहे, म्हणजे इंजिन कितीही थरथरलं तरी माझा काटा थरथरत नाही. मी पेट्रोलचा दाब दाखवणारा गेज. बॉनेटखाली, इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या टोकाशी माझी जागा. आमच्याकडे हा दाब पौंडांत मोजतात. आज मी तुम्हाला माझी हकिगत सांगणार आहे. तिच्यात मी काही फार चांगला दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका कारखान्यात, लांब बाकावर, माझ्यासारख्याच शेकडो भावंडांबरोबर झाला. एका बाईने माझ्या पोटात ग्लिसरीन ओतलं, डोक्यावर रबराचं छोटं बूच दाबून बसवलं आणि मला खोक्यात घातलं. पुढे बोटीने प्रवास करून मी पोर्तो रिकोच्या दक्षिण किनाऱ्यावर, सांता इसाबेलला आलो. तिथे आन्सेल्मो किन्योनेस नावाच्या मेकॅनिकने मला विकत घेतलं.

आन्सेल्मोचं वर्कशॉप म्हणजे घरापुढचं गाडी लावायचं छप्पर. एका बाजूला हत्यारांचं कपाट, दुसऱ्या बाजूला त्याची बायको मिगदालिया हिच्या कुंड्या. आणि मधोमध ती, लाल कोरोला. जन्माने ती साधी घरगुती गाडी. पण आन्सेल्मोने तिच्या इंजिनावर टर्बो चढवला होता. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त आली की पेट्रोलही जास्त लागतं. ते कमी पडलं तर आतली आग इतकी तापते की पिस्टन वितळतो. जास्त झालं तर गाडी काळा धूर ओकते आणि मरगळते. म्हणून दोन्हींचं प्रमाण राखावं लागतं, आणि आन्सेल्मो ते एका स्क्रूने राखायचा. दाब कमी-जास्त करणारा तो स्क्रू माझ्या शेजारीच होता. पाना लावायचा, पाव फेरा द्यायचा, आणि माझ्याकडे बघायचा.

मित्रांनो, ती माझी सोन्यासारखी वर्षं. आन्सेल्मो माझ्यावर हात ठेवून म्हणायचा, "त्रेचाळीस. हां! आता बोल." गल्लीतले लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे. त्यांच्यात चागो नावाचा एक वाचाळ शेजारी होता. तो म्हणायचा, "आन्सेल्मो, तुला कान आहेत की स्टेथोस्कोप?" आन्सेल्मो माझ्याकडे बोट दाखवायचा. "कान माझे, डोळे याचे." हे वाक्य मी वीस वर्षं जपून ठेवलं आहे.

त्याची मुलगी यारेलिस तेव्हा सहा वर्षांची होती. ती उलट्या बादलीवर उभी राहून माझा आकडा मोठ्याने वाचायची. मला ती फार आवडायची.

यारेलिस मोठी झाली, मायाग्वेसला जाऊन इंजिनिअरिंग शिकली, आणि परत आली ती काखेत लॅपटॉप घेऊन. तिने जुना संगणक काढून गाडीत नवा बसवला. त्यात इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं ते बोटांनी टंकता येत होतं. मग तिने धुराच्या नळीला भोक पाडून एक सेन्सर घुसवला आणि स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला, काचेपाशी, एक मीटर लावला. काळा, गुळगुळीत, निळे आकडे दाखवणारा. मी त्याला निळ्या म्हणतो.

हा निळ्या काय करायचा? इंजिनाने सोडलेला धूर हुंगून सांगायचा की एक भाग पेट्रोलला किती भाग हवा जळली. रमतगमत चालताना चौदा-पंधरा. जोरात पळवताना साडेअकरा हवेत. बारा ओलांडले की सावध व्हायचं. दशांश चिन्हासकट सांगायचा, दीडशहाणा.

तुम्ही म्हणाल, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? मित्रांनो, त्याची जागा बघा. तो आत, थंडगार हवेत, यारेलिसच्या डोळ्यांसमोर. मी बॉनेटखाली, तापलेल्या टर्बोपासून दोन वितींवर, तेलाच्या ओघळांत. त्याला ती मऊ फडक्याने पुसायची. माझ्यावर सहा महिन्यांची धूळ होती. रविवारी शर्यतीची मंडळी गाडी बघायला जमायची, तेव्हा ती दार उघडून त्याला दाखवायची आणि लोक "वा, वा" करायचे. बॉनेट उघडायला कुणी सांगायचंच नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. कधी त्याची वायर तुटावी, कधी त्याच्या सेन्सरवर काजळी धरावी, असं मी मनोमन मागायचो. हे सांगताना मला लाज वाटते, पण हेव्याला लाज नसते, निदान तेव्हा नसते.

आणि मी एकटा नव्हतो. आन्सेल्मोच्याही डोळ्यांत निळ्या खुपत होता.

"पप्पा, बघ ना," यारेलिस म्हणायची, "तिसऱ्या गिअरला साडेअकरा. अगदी सरळ रेघ."

"बघितलं."

"कुठे बघितलंस? तू तिकडे बघतोयस."

"मी प्लग काढून बघीन. प्लगचा रंग खोटं बोलत नाही. हा तुझा डबा आज आहे, उद्या नाही."

मिगदालिया कॉफीचे कप घेऊन यायची आणि दोघांच्या मधे उभी राहायची. "या गाडीला दोन सासवा आहेत," ती म्हणायची. "बिचारी नांदणार कशी?"

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सालिनासच्या पट्टीवर मोठी शर्यत होती. पाव मैल सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, आणि संपूर्ण दक्षिण किनारा बघायला. यारेलिस पहिल्यांदाच त्या गटात उतरणार होती. इंजिन मात्र आन्सेल्मोचं होतं. त्याने ते नऊ महिने खपून बांधलं होतं, एकेक पिस्टन हाताने तोलून. आता साठी उलटली होती आणि त्याचे गुडघे गेले होते. "असं इंजिन मी पुन्हा बांधणार नाही," तो मिगदालियाला म्हणाला होता. "हे शेवटचं."

आता माझ्या अंगातली एक खोड सांगतो. मी फार तापलो की पोटातलं ग्लिसरीन फुगतं. बूच घट्ट असल्यामुळे त्याला बाहेर पडायला वाट नसते, मग ते आतूनच काट्याला मागे रेटतं. दाब त्रेचाळीस असतो आणि मी अडतीस दाखवतो. जाणत्या मेकॅनिकला हे ठाऊक असतं. तो वाचण्याआधी अंगठ्याच्या नखाने माझं बूच जरासं उचलतो, "टुच" असा आवाज होतो, वाफ निघून जाते आणि काटा खऱ्या आकड्यावर येतो. आन्सेल्मोने हे वीस वर्षं न चुकता केलं होतं.

शर्यतीच्या आधीच्या बुधवारी दुपारी यारेलिस गाडी फिरवून आली. गाडी लावून ती हात धुवायला आत गेली. इंजिन चालूच होतं, सगळं बॉनेट भट्टीसारखं पेटलेलं. आन्सेल्मोने एकदा घराच्या दाराकडे पाहिलं, झटकन बॉनेट उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मी अडतीस दाखवत होतो.

"अडतीस!" तो पुटपुटला. "आणि तिचा डबा म्हणतो सगळं ठीक."

त्याने बूच उचललं नाही. तेवढा वेळच नव्हता, आतून नळाचा आवाज थांबला होता. त्याने घाईघाईने स्क्रू फिरवला, माझा काटा त्रेचाळीसवर आणला आणि बॉनेट लावून टाकलं. खरा दाब आता अठ्ठेचाळीस झाला होता.

मित्रांनो, काटा तिथेच थांबतो जिथे त्याला थांबवलं जातं. खोटं बोलणं माझ्या हातात नव्हतं. पण त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो माझा स्वतःचा होता. बऱ्याच महिन्यांनी त्याने मला विचारलं होतं, निळ्याला नाही. माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी त्या खोट्यात अगदी न्हाऊन निघालो.

गुरुवारी यारेलिसला निळ्याने दहा पूर्णांक नऊ दाखवले. पेट्रोल जास्त होत होतं. तिने भुवया उंचावल्या, बापाकडे पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग लॅपटॉप उघडून तिने सगळीकडचं पेट्रोल थोडं कमी केलं. बापाला सांगितलं नाही.

शुक्रवारी ती गाडी आणखी जोरात पिटाळून आली. मी आणखी तापलो आणि आणखी खोटं बोललो. आन्सेल्मोने कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्ताने पुढे येऊन पुन्हा चोरून स्क्रू फिरवला. आता खरा दाब एक्कावन्न. शनिवारी यारेलिसने पुन्हा लॅपटॉपवर पेट्रोल कमी केलं, आणि शर्यतीसाठी थोडी जास्त ताकद मिळावी म्हणून चिमूटभर आणखी छाटलं. निळ्याने अकरा पूर्णांक आठ दाखवले. ती खूश झाली. एकाने ओतावं आणि दुसऱ्याने उपसावं, असा चार दिवस खेळ चालला होता. तरी गाडी झकास पळत होती, कारण दोन चुका एकमेकींना धरून उभ्या होत्या.

रविवारी सकाळी गाडी ट्रेलरवरून सालिनासला गेली. रात्रभर उभी असल्यामुळे मी अगदी थंड होतो. पट्टीच्या कडेला अल्कापुरिया नावाचे वडे तळल्याचा वास सुटला होता, कर्ण्यावर कुणीतरी नावं पुकारत होतं. यारेलिस हेल्मेट आणि कागद तपासून घ्यायच्या रांगेत गेली. आन्सेल्मोने इंजिन सुरू केलं आणि बॉनेट उचललं.

मी एक्कावन्न दाखवत होतो. चार दिवसांत पहिल्यांदा मी खरं बोलत होतो.

आन्सेल्मोचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "आठ पौंड जास्त!" तो म्हणाला. चागो तिथेच मक्याचा भुट्टा खात उभा होता. त्याने विचारलं, "काय झालं रे?"

"माझ्या स्क्रूला हात लावलाय पोरीने. लॅपटॉप दिला, गाडी दिली, तरी माझा स्क्रू हवाच होता तिला!"

"मग विचार की तिला. ती बघ रांगेत उभी आहे."

"विचारायचं काय? मला दिसतंय ना!"

त्याने पाना लावला आणि स्क्रू उलटा फिरवला. पन्नास, सत्तेचाळीस, त्रेचाळीस. माझ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "डोळे तर तूच." मला आठवतं, मी फुलून गेलो होतो. यारेलिसने लॅपटॉपवर छाटलेलं पेट्रोल मात्र छाटलेलंच होतं.

मंद चालताना नवा संगणक आपलं आपण सावरून घेतो, म्हणून सुरुवातीच्या रेषेपर्यंत जाईस्तोवर निळ्याला काही कळलं नाही. यारेलिसने काच खाली केली. "पप्पा, दाब?"

"त्रेचाळीस. ठोकून सांगतो."

"आणि मीटर?"

"त्या डब्याकडे बघू नकोस. रस्त्याकडे बघ."

हिरवा दिवा लागला. पहिला गिअर, दुसरा गिअर. टर्बोने श्वास भरला आणि मी इंजिनाच्या डोक्यावर बसून ती आग ऐकत होतो. तिचा आवाज कोरडा होता. मागे, काचेपाशी निळ्या ओरडत होता. बारा पूर्णांक नऊ. त्याचा आकडा लाल झाला, लुकलुकायला लागला. यारेलिसने तो पाहिला. नंतर तिने स्वतःच सांगितलं की तिने पाहिला, आणि तिचा पाय उचलला जाणार होता. पण महिनाभर तिच्या बापाने सांगितलं होतं की हा डबा खोटं बोलतो, आणि आत्ताच ठोकून सांगितलं होतं. तिने एक सेकंद पाय दाबून धरला. तिसऱ्या गिअरला एक सेकंद फार असतो.

फट्ट असा आवाज झाला. मग मागून पांढरा धूर. लाल कोरोला निम्म्या पट्टीवर घरंगळत थांबली आणि शेजारची गाडी एकटीच पुढे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी छपराखाली इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. आन्सेल्मो तो पिस्टन हातात धरून बादलीवर बसला. मग म्हणाला, "तुझ्या लॅपटॉपने मारलं हिला."

"हो," यारेलिस म्हणाली. "मी पेट्रोल कमी केलं होतं. दोनदा. शर्यतीसाठी वर आणखी थोडं. पेट्रोल जास्त होत होतं म्हणून."

"जास्त होईलच! तू दाब एक्कावन्नवर नेलास!"

"मी? मी स्क्रूला हातसुद्धा लावला नाही, पप्पा."

मग यारेलिस उठली. तिने मला नळीवरून उतरवलं, हवेच्या कॉम्प्रेसरला जोडलं आणि दुसऱ्या नव्या गेजवर बघून बरोबर त्रेचाळीस पौंड हवा भरली. मी त्रेचाळीस दाखवले. मग ती घरात गेली आणि आईचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आली.

"अगं तो माझा!" मिगदालिया मागून ओरडत आली. "त्याला तेल लागलं तर बघ!"

यारेलिसने ड्रायर माझ्या तोंडावर धरला. मी तापत गेलो. मित्रांनो, सगळ्या घरासमोर माझा काटा खाली यायला लागला. एक्केचाळीस. अडतीस. छत्तीस. नवा गेज त्रेचाळीसवरच होता. पस्तीस. माझा इतका पाणउतारा आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि निळ्या काचेतून बघत होता.

आन्सेल्मोने पिस्टन खाली ठेवला. तो पुढे आला, अंगठ्याच्या नखाने माझं बूच उचललं. टुच. काटा उडी मारून त्रेचाळीसवर आला.

"बुधवारी अडतीस दिसले, मी वाढवला," तो हळू आवाजात म्हणाला. "शुक्रवारी पुन्हा. आणि काल सकाळी एक्कावन्न दिसले, वाटलं तू वाढवलास. मीच तो. दोन्ही वेळा मीच."

"पण बूच तर तू नेहमी उचलतोस. मला तूच शिकवलंस. मग त्या दिवशी का नाही उचललंस?"

"घाईत होतो."

"कसली घाई?"

आन्सेल्मोने हाताचं तेल पुसलं. पुसून झालं तरी पुसत राहिला. "तू येशील आणि बघशील म्हणून. एवढा तुझा मीटर लागलाय, आणि हा म्हातारा अजून जुन्या काट्याला विचारत बसलाय, असं तुला वाटेल म्हणून."

यारेलिस त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. "आणि मला गुरुवारीच कळलं होतं की स्क्रू कुणीतरी हलवलाय," ती म्हणाली. "तुला विचारलं तर तुझा अपमान होईल म्हणून मी लॅपटॉप उघडला. पप्पा, मी तुला नुसतं विचारायला हवं होतं."

मिगदालियाने ड्रायर काढून घेतला. जाता जाता ती म्हणाली, "नऊ महिन्यांचं इंजिन गेलं, पण चला, दोन सासवा बोलायला तरी लागल्या."

असं इंजिन पुन्हा बांधणार नाही म्हणणाऱ्या आन्सेल्मोने ते पुन्हा बांधलं. या वेळी खाली वाकायचं काम यारेलिसने केलं, आणि तोलायचं त्याने. मला वाटलं होतं, आता माझी रवानगी भंगारात. पण यारेलिसने मला घासूनपुसून जुन्या जागी बसवलं. निळ्या त्याच्या जागी आहेच.

काल नवं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. बॉनेट सताड उघडं होतं, सगळी गल्ली बघत होती. यारेलिस सीटवर बसली होती. "पप्पा, दाब?" तिने विचारलं. आन्सेल्मो माझ्याजवळ आला, त्याने मला निरखलं, आणि मग बॉनेटच्या कडेने मान बाहेर काढून मोठ्याने विचारलं, "त्रेचाळीस दिसतायत. तुझ्या मीटरवर काय म्हणतोय, पोरी?"

मित्रांनो, वीस वर्षांत त्याने दुसऱ्या कुणाला हे विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मला फार लागलं. अजून लागतंय, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तरी मला वाटतं, त्याने विचारलं ते बरं केलं. तुमच्याही घरात एखादं जुनं माणूस कुणाची नजर चुकवून काही तपासत असेल, तर त्याच्यावर हसू नका. जवळ जाऊन उभे राहा आणि विचारा, किती दिसतंय. आणि मी तापलेला असेन, तर माझ्या शब्दावर कुणी इंजिन पळवू नका.